तिकिटावरचे साडेसहा तास

जठारपेठेतले आमचे एक शेजारी मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला निघाले. मुंबई ते नेवार्क थेट विमान. तिकिटावर लिहिलेले: रात्री दीड वाजता प्रस्थान, त्याच दिवशी सकाळी आठला आगमन. आजोबा खूश. म्हणाले, “साडेसहा तासाचा त प्रवास! मुंबईले रेल्वेनं जायाले याहून जास्त टाइम लागते.” आजोबा सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. साडेसहा तासांत इंजेक्शनची वेळ येतच नाही, म्हणून त्यांनी औषध विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकले होते.

आम्ही त्यांच्या नातीला शाळेतला पृथ्वीगोल आणायला सांगितला. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि नेवार्क पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. पण गोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँडच्या जवळून ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि मग कॅनडा! हे वर्गात अवश्य करून पाहावे. मुलांचा आधी विश्वास बसत नाही.

ताणलेला दोरा म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या छेदाची कड. गोलावर सर्वांत जवळची वाट हीच. या दोन शहरांचा पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन सुमारे 113 अंश आहे. परीघ 40,000 कि.मी. धरला, तर 113 भागिले 360 गुणिले 40,000, म्हणजे सुमारे 12,550 कि.मी. नकाशावरच्या पट्टीच्या वाटेने गेलो, तर हेच अंतर 14,000 कि.मी.च्या वर जाते. अर्थात विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना वळसा घालावा लागला.

आता वेळ. जेट विमानाचा वेग ताशी 800 ते 900 कि.मी. म्हणजे 12,550 कि.मी.ला पंधरा तासांच्या आसपास लागणार. मग साडेसहा कुठून आले? तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, आणि उन्हाळ्यात नेवार्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. साडेसहात साडेनऊ मिळवा: सोळा तास.

परतीच्या तिकिटात उलटी गंमत. तिथून सकाळी साडेअकराला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे साडेतेवीस तास! त्यांतून साडेनऊ वजा केले, की चौदा उरतात. दोन गावांच्या वेळेतला फरक ठाऊक नसला तरी बिघडत नाही. जाण्याचे साडेसहा आणि येण्याचे साडेतेवीस यांची बेरीज तीस. एकदा मिळवलेला फरक दुसऱ्यांदा वजा झाला, म्हणून तो बेरजेतून गळला. निम्मे केले की सरासरी पंधरा तास.

मग जाताना सोळा आणि येताना चौदा का? सुमारे दहा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी 150 कि.मी.च्याही वर जातो. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

सोळा तास ऐकल्यावर आजोबांनी बॅग पुन्हा उघडली. इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत आली. डोस कधी घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारून नातीने कागदावर लिहून दिले, सगळे अकोल्याच्या वेळेत. आजोबांनी मनगटावरचे घड्याळ नेवार्कला उतरेपर्यंत फिरवले नाही.