निनावी बोलणे आणि त्याचा जामीनदार

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात राहणाऱ्याला सूचनापेटी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कारखान्याच्या फाटकापाशी किंवा कॅन्टीनच्या भिंतीवर ती टांगलेली असते. चिठ्ठीवर नाव घातले नाही तरी चालते. पण पेटीला कुलूप असते आणि त्याची किल्ली कोणातरी एका माणसापाशी असते. मोबाइलवरून निनावी निरोप धाडण्याची जी ॲप गेल्या दहा-बारा वर्षांत निघाली, त्यांचा उदय आणि त्यांची दैना समजून घ्यावयाची, तर ही किल्ली ध्यानात ठेवली पाहिजे.

'सराहा' हे ॲप सूचनापेटीच्याच कल्पनेतून जन्मले. सौदी अरेबियातील झैन अल-आबिदीन तौफिक यांनी २०१६ साली ते प्रथम संकेतस्थळाच्या रूपाने सुरू केले. सराहा या अरबी शब्दाचा अर्थ मोकळेपणा, प्रांजळपणा. हाताखालच्या माणसाला साहेबाविषयीचे खरे मत निर्भयपणे सांगता यावे, हा मूळ हेतू. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला उद्याच्या पाळीला बोलावतील की नाही याची खात्री नसते. त्याला या हेतूचे मोल पटवून द्यावयास नको. २०१७ च्या जूनमध्ये सराहा मोबाइलवर आले आणि पाहता पाहता जगभर पसरले. भारतातील तरुण मंडळींनीही त्या पावसाळ्यात ते हौसेने घेतले. परंतु कचेरीसाठी केलेली पेटी शाळकरी मुलांच्या हाती गेली. तेथे साहेब नव्हता, वर्गातली मुलगी होती. ऑस्ट्रेलियातील एका आईने आपल्या तेरा वर्षांच्या लेकीला आलेले निरोप पाहून जाहीर अर्ज काढला. त्यावर लाखो सह्या झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ॲपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनी सराहाला आपल्या ॲप-भांडारांतून काढून टाकले.

याच्याआधी अमेरिकेत 'यिक यॅक'चा खेळ होऊन गेला होता. फर्मन विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले टायलर ड्रोल आणि ब्रूक्स बफिंग्टन यांनी ते २०१३ च्या नोव्हेंबरात काढले. नाव नको, गाव नको. प्रारंभी सुमारे दीड मैलाच्या आत असलेल्या कोणीही लिहावे आणि तेवढ्याच परिसरातल्यांनी वाचावे, अशी योजना होती. वर्षभरात या कंपनीची किंमत सुमारे ४० कोटी डॉलर धरली गेली. पण दीड मैल म्हणजे आपलीच आळी. दूरच्या माणसाने दिलेली शिवी विसरता येते. ती शेजारच्याच कोणीतरी दिली आहे, पण कोणी ते ठाऊक नाही, असे झाले की सगळी आळीच संशयित होते. शाळाशाळांतून छळाच्या आणि धमक्यांच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०१४ साली कंपनीने अमेरिकेतील शाळांच्या आवारात ॲप चालू नये अशी तजवीज केली.

निरोपांवर देखरेख मुख्यतः जमावाची होती. पसंतीपेक्षा नापसंतीची मते पाचाने अधिक झाली की निरोप आपोआप पुसला जाई. युक्ती चतुर खरी. पण जमाव न आवडणारे पुसतो, खोटे असलेले पुसतोच असे नाही. ज्याची निंदा सर्वांनाच चवदार लागते, त्याच्या बचावाला पाच मते कोठून यावीत? शेवटी २०१६ साली कंपनीने प्रत्येकाने एखादे टोपणनाव घेतलेच पाहिजे असा नियम केला. त्याबरोबर लोक पांगू लागले. नियम त्याच वर्षी मागे घेतला, पण गेलेले लोक परतले नाहीत, आणि २०१७ साली दुकान बंद झाले. नव्या मालकांनी २०२१ साली ते पुन्हा उघडले. तथापि मूळचा पेच तसाच राहिला. ज्या गुणाने गिऱ्हाईक येते, त्याच गुणाने घर जळते.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. हे निनावीपण कोणापासून? केवळ शेजाऱ्यापासून. सराहा हे ॲप वापरणाऱ्याच्या मोबाइलमधील नाव-नंबरांची यादी आपल्या यंत्रणेकडे पाठवीत असल्याचे २०१७ च्या ऑगस्टात उघडकीस आले. २०१५ च्या नोव्हेंबरात मिसुरी विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना यिक यॅकवरून धमकी देणारा तरुण पोलिसांनी काही तासांतच पकडला. आपल्याकडेही नाव लपवून धमकी देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार दोन वर्षांपर्यंत अधिक शिक्षा आहे. सारांश, बोलणारा आपणांस नामानिराळा समजतो आणि नसतो.

मग प्रत्येकाने नाव सांगूनच बोलावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलम ६६-अ चा त्यात आधार घेतला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण नाव देऊन बोलण्याची किंमत किती असू शकते, हे तोवर दिसून चुकले होते.

आपल्या भाषेला नाव झाकून केलेले लेखन नवे नाही. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रे लिहिली. वाचकांपुढे लेखकाचे नाव नव्हते. परंतु पत्राच्या मागे भाऊ महाजन हे संपादक उभे होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली घातलेले कलम ११८-अ याच वळणाचे होते. तक्रार कोणाकडून आली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, आणि तपासणी तक्रारीवरून चालली आहे हेही मालकाला कळू देऊ नये, असे बंधन त्यात होते. कामगार झाकलेला, निरीक्षक उघडा.

या दोन्ही ठिकाणी नाव झाकले होते, जबाबदारी झाकली नव्हती. मध्ये एक जामीनदार होता. तो चिठ्ठी वाची, खरेखोटे पाही, आणि पुढे पाठविल्यास त्याचा जाब देई. ॲपवाल्यांनी पेटी घरोघर पोचविली, पण किल्ली कोणाच्याच हाती दिली नाही. उद्या आपल्या मुलाच्या मोबाइलवर किंवा आपल्या कारखान्यात अशी नवी पेटी येईल, तेव्हा ती किती सुरेख आहे हे मागाहून पाहावे. प्रथम एवढेच विचारावे, की हिची किल्ली कोणापाशी आहे आणि तो माणूस आपल्याला भेटू शकेल काय?