ओळी दुसऱ्याच्या, नाव आपले!

काही दिवसांपूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. वडील नाक्यावर उभे राहून रोजंदारी करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. हातात पीएच.डी.चा प्रबंध होता आणि चेहरा उतरलेला. संगणकाच्या तपासणीत प्रबंधातला जवळजवळ निम्मा मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळला होता. आता एक वर्षभर त्याला सुधारलेला प्रबंधही सादर करता येणार नव्हता.

तो म्हणाला, "सर, मी चोरी नाही केली. पुस्तकात होतं ते लिहिलं. त्यांनी इतकं चांगलं लिहिलंय, मी त्याहून चांगलं काय लिहिणार?"

त्याचे हे शेवटचे वाक्य आम्हाला रात्रभर झोपू देईना. हा पोरगा आळशी नाही, लबाड तर मुळीच नाही. आपल्या शब्दांना किंमत नाही, असे त्याच्या मनावर कुठेतरी कोरले गेले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्या लेकराला छापील ओळ पवित्र वाटते आणि स्वतःची ओळ विटाळलेली! वाङ्मयचौर्याचा प्रश्न आपल्यासाठी केवळ नियमांचा नाही, तो स्वाभिमानाचाही आहे.

नियम मात्र माहीत असलेच पाहिजेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासाठी विनियम काढले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचे. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादर करण्यास बंदी. ६० च्या वर गेले की नोंदणीच रद्द! ज्याच्या घरी शेती आहे, धंदा आहे, त्याचे एक वर्ष गेले तर गेले. आपल्या पोराची शिष्यवृत्ती मुदतीची असते आणि घर त्याच्या पगाराची वाट पाहत असते. शिवाय दुसऱ्याने चोरी केली तर तो एकटा चोर ठरतो. आपल्या पोराने केली तर "कोट्यातले असेच" म्हणून सगळा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जातो. हा अन्याय आहेच. पण म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

आणि ही सवय पोरांना लावली कोणी? आमच्यासारख्यांनीच! १४ एप्रिलच्या स्मरणिका उघडून पाहा. तोच लेख गेल्या वर्षी एका नावाने, यंदा दुसऱ्या नावाने. फ्लेक्सवर बाबासाहेबांच्या नावाने वाक्य असते. खंड कोणता, पान कोणते, विचाराल तर उत्तर नाही. दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर खपवणे ही जशी चोरी, तसे आपल्या मनातले वाक्य बाबासाहेबांच्या तोंडी घालणे हाही खोटेपणाच. आम्हीही सुटलेलो नाही. विद्यार्थी असताना जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत एका पुस्तकाची दोन पाने घोकून आम्ही धडाधड म्हणून दाखवली होती. टाळ्या पडल्या, कप मिळाला. लेखकाचे नाव आम्ही घेतले नाही आणि परीक्षकांनी विचारले नाही. तो कप आजही घरात आहे. पाहुण्यांना तो दाखवण्याची हिंमत मात्र होत नाही.

आता बाबासाहेबांकडे पाहू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती त्यात नव्हती. पुढे ती उजेडात आली. त्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की, या ग्रंथात आपण नावीन्याचा दावा करीत नाही. सुटे भाग आणून जोडणाऱ्या कारखान्याची उपमा ते आपल्या कामाला देतात. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे नाव घेऊन, काही प्रसंगांत त्याची भाषासुद्धा आपण घेतली आहे, हे ते सांगून टाकतात. स्वतःचे म्हणून फक्त एवढेच मागतात : विषयांची मांडणी आणि तिच्यातला सोपेपणा. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला महापुरुष घेतलेल्या उसन्याची कबुली देतो आणि आम्ही चार पानांची स्मरणिका लिहिताना लाजतो! बुद्धाच्या सुत्तांचा आरंभही मी असे ऐकले आहे या कबुलीनेच होतो. श्रेय देणे ही आपलीच परंपरा आहे.

मग स्वतःच्या शब्दांत लिहायचे कसे? एक उदाहरण घेऊ. समजा, एका पुस्तकात असे वाक्य आहे : 'मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले; महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास मान्यता दिली; परंतु सवर्णांच्या विरोधामुळे हा ठराव कागदावरच राहिला.'

आपला विद्यार्थी काय करतो? 'ठराव'चा 'प्रस्ताव' करतो, 'पाणवठे'ची 'जलस्थाने' करतो, 'खुले'चे 'मोकळे' करतो. सांगाडा तोच, सदरा तेवढा बदललेला! ही चोरीच आहे. इंग्रजी पान मराठीत उतरवून खाली आपले नाव घालणे, हीसुद्धा चोरीच.

खरी रीत अशी. उतारा दोनदा-तीनदा वाचा. पुस्तक मिटा. आईला किंवा वस्तीतल्या एखाद्या आजोबांना तो तोंडी समजावून सांगा. त्यांना कळला तर तुम्हाला कळला. मग न बघता लिहा : 'चवदार तळ्यावर जाण्याचा हक्क कागदोपत्री आधीच मिळालेला होता. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ ची नगरपालिकेची मान्यताही होती. सवर्णांच्या विरोधापुढे तो वापरता येत नव्हता, एवढेच. म्हणून १९२७ चा महाडचा सत्याग्रह हा हक्क मागण्यासाठी नव्हता, तो बजावण्यासाठी होता.' आता पुस्तक उघडून सन, नावे, अर्थ ताडून पाहा. पहिल्या तीन वाक्यांतली माहिती त्या लेखकाची, म्हणून तिथे त्याचे नाव, ग्रंथ आणि पान द्या. शेवटचा निष्कर्ष तुमचा. तो निष्कर्ष म्हणजेच तुमचे संशोधन!

ताडून पाहणे का गरजेचे? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीतून दिलेल्या संदेशाचा क्रम शिक्षण, चळवळ, संघटन असा आहे. आपल्या घोषणेत संघटन आधी आले आणि संघर्ष शेवटी गेला. क्रम बदलला की विचारही बदलतो. म्हणून बाबासाहेबांचे शब्दच हवे असतील, तर महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड उघडा, शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घ्या आणि खंड व पान लिहा.

आता तर संगणकाला सांगितले की तो क्षणात उतारा बदलून देतो. तपासणीतून तो कदाचित सुटेलही. पण तोंडी परीक्षेत मार्गदर्शकासमोर, उद्या वर्गात विद्यार्थ्यांसमोर आणि सभेत विरोधकांसमोर तो संगणक तुमच्या वतीने उभा राहणार नाही.

तो तरुण आता दर रविवारी आमच्याकडे येतो. एक पान वाचतो, पुस्तक मिटतो आणि घरी जाऊन आईला सांगतो. परवा म्हणाला, "सर, आईने मध्येच असा प्रश्न विचारला की तो पुस्तकात कुठेच नाही." आम्ही म्हणालो, बाळा, तुझा प्रबंध तिथूनच सुरू होतो.

समाजबांधवांनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवाल तेव्हा एकच करा. ज्याचे घेतले त्याचे नाव लिहा, आणि बाकीचे स्वतःच्या भाषेत लिहा. ती ओबडधोबड असली तरी चालेल, आपली असली पाहिजे.

जयभीम!