पंगतीनंतरची टोचणी

 वजन उतरवणाऱ्यापुढे येते पोळ्याची पुरणपोळी, तुपाची धार आणि ‘अजून एक घ्याच’ हा आग्रह. दुसऱ्या सकाळी वजनकाटा किलोभर पुढे दिसतो नि मन खात राहतं.

तो किलो बहुतेक चरबीचा नसतोच. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी; गरजेपेक्षा एवढं जास्त एका पंगतीत सहसा कुणी जेवत नाही. वाढतं ते मुख्यतः पाणी. ग्लायकोजेन म्हणून साठवलेल्या १ ग्रॅम साखरेसोबत शरीर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरतं, शिवाय मिठामुळे धरलेलं पाणीही असतंच. नेहमीचं जेवण सुरू झालं की काही दिवसांत ते उतरतं.

घात करतो तो ‘नियम मोडलाच, आता खाऊनच घेऊ’ हा विचार. अ‍ॅडम्स आणि लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८४ विद्यार्थिनी होत्या. डोनट खाल्ल्यावर ‘स्वतःला बोल लावू नका’ असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यातल्या पथ्यवाल्या मुलींनी असं न सांगितलेल्या पथ्यवाल्या मुलींपेक्षा पुढे गोड कमीच खाल्लं.

म्हणून शिक्षा म्हणून कडक उपास नको; त्याने संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडतोच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण चुकवणं धोक्याचंही ठरू शकतं. भाकरी, वरण, पालेभाजी वेळेवर घ्या.

आठवड्यातून एकदा तरी, असं सलग तीन महिने, खाण्यावर ताबाच राहत नसेल तर मात्र डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.