ॲस्बेस्टॉसची धूळ आणि निवृत्त माणूस

अमरावती-अकोल्याकडे सिमेंटच्या पत्र्याखाली कधीच बसला नाही असा माणूस विरळा. त्या पत्र्याला बळकटी येते ती ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी. हा दगडच, पण कापसासारखा कातता येतो आणि जळत नाही. म्हणून तो छपरात आला, वाफेच्या नळांच्या वेष्टनात आला, मोटारींच्या आणि विमानांच्या ब्रेकमध्येही आला. जागच्या जागी असलेला धडका पत्रा फारसे काही करीत नाही. तो कापला, फोडला, त्याला भोके पाडली की धोका सुरू होतो. पण आज आम्हाला बोलावयाचे आहे ते छपराविषयी नव्हे, निवृत्त माणसाविषयी.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. एका लष्करी विमानतळावर त्यांनी वर्षानुवर्षे विमानांच्या चाकांचे ब्रेक उघडून साफ केले. साफ करावयाचे म्हणजे हवेचा झोत मारावयाचा. उडालेली भुकटी तोंडावर येई, ती रुमालाने पुसावयाची आणि पुढचे चाक घ्यावयाचे. नोकरी संपली, भाऊ गावी आले. साठीनंतर जिना चढताना दम लागू लागला. क्षयाची औषधे दोनदा झाली. तुम्ही जन्मभर काम काय केले, हे एकाही डॉक्टराने विचारले नाही. आणि कामगारांत आयुष्य घालवूनही आम्हीदेखील ते विचारले नाही. त्यांचा आजार ॲस्बेस्टॉसचाच होता असे आम्ही म्हणत नाही. ते कोणी पाहिलेच नाही, एवढेच म्हणतो. आता भाऊ नाहीत.

हा तंतू केसाहून कितीतरी बारीक असतो. तो श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातो. शरीरातील रक्षक पेशी त्याला गिळू पाहतात, पण दगड त्यांना पचत नाही. भोवती दाह होतो, मग व्रण धरतो, फुप्फुस ताठ होत जाते. हा ॲस्बेस्टॉसिस. क्षयाच्या खुणा बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, याच्या खालून सुरू होतात; पण पाहणाऱ्याच्या मनात शंका असली तरच हा फरक दिसावयाचा. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि विडी ओढणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी वाढतो. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग मात्र विडीला शिवलेल्या-न शिवलेल्यात भेद करीत नाही. हे सारे सामान्यतः 20 ते 40 वर्षांनी उमटते.

आता कायदा पाहा. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात, काम सोडल्यावर 2 वर्षांच्या आत धंद्याच्या रोगाची लक्षणे दिसली तर तो अपघात समजावा, अशी तरतूद होती. रोग 20 वर्षांनी येणार आणि मुदत 2 वर्षांची! कामगार चळवळीने ही विसंगती फार काळ नजरेआड केली. त्यात आम्हीही आलो. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या खाणी व कारखान्यांसंबंधी निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे, किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवावी, असा त्यात आदेश आहे. रोगाचे घड्याळ न्यायालयाला कळले होते.

मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील 181 कामगारांना डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी तपासले. त्यांचा अहवाल 2005 साली प्रसिद्ध झाला. शेकडा 22 जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. शोधले म्हणून निघाला.

सैनिकाची गोष्ट आणखी अवघड. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन हवे तर आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला, हे ठरावे लागते. भाऊंच्या कागदात हुद्दा होता, तारखा होत्या. ब्रेकच्या भुकटीचा उल्लेख असणार कुठून? ब्रिटनने 2016 पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना एकरकमी 1,40,000 पौंड घेण्याची सोय केली. तेथे ॲस्बेस्टॉसवर 1999 सालीच बंदी आली. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस अजून परदेशातून येतो.

तेव्हा ज्यांच्या घरी निवृत्त फौजी, मोटार-मिस्त्री किंवा बॉयलरवाला असेल त्यांनी एक वही काढावी. कोणत्या साली, कोठे, कोणत्या वस्तूवर काम केले, सोबत कोण होते, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे आणि खाली त्यांची सही घ्यावी. दम लागू लागला तर ती वही छातीच्या फोटोबरोबर डॉक्टरांपुढे ठेवावी. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा आपल्या युनियनकडे द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.