पाऊस सह्याद्रीत, पूर बाजारपेठेत: कोकणातलं पाणी इतक्या झटपट का चढतं?

तालुक्याचं नाव संगमेश्वर, पण तहसील कार्यालय देवरूखात. देवरूख उंचावर आहे. खाली शास्त्री-सोनवीच्या संगमावरचं संगमेश्वर आणि गडनदीकाठचं माखजन इथल्या बाजारपेठांत मात्र पावसाळ्यात वारंवार पाणी शिरतं. सकाळी उघडलेल्या दुकानात दुपारी गुडघाभर पाणी. असं का होतं?

नद्या आखूड, उतार मोठा

सह्याद्रीतूनच निघणारी कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्यांना समुद्र गाठायला शंभर किलोमीटरही लागत नाहीत. त्यामुळे सांगलीत पूर दिवसादिवसाने चढतो, इथे तासातासाने. तुमच्या गावात पाऊस थांबलेला असला, तरी घाटमाथ्याचं पाणी वाटेत असू शकतं.

बाजार नेमका तिथेच का?

पूर्वी माल गलबतांतून यायचा. खाडीतून गलबत जिथपर्यंत पोचायचं, तिथे बाजार वसला. संगमेश्वर आणि चिपळूण, दोन्ही तशीच गावं. पण ही जागा म्हणजे वरून येणारा पूर आणि खालून येणारी भरती यांची गाठ पडण्याची जागा. ज्या पाण्याने बाजार उभा केला, तेच आता तो बुडवतं. त्यात नदीत गाळ साचलेला, म्हणजे पाणी मावायला जागा कमी.

चिपळूणला काय झालं होतं?

२२ जुलै २०२१ ला रात्रभराच्या पावसाने वाशिष्ठी चढली, त्यात भरती आली. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे भरतीही मोठी. कोळकेवाडी धरणाच्या विसर्गावरून वादही झाला. पाणी ओसरलं, पण दुकानांत चिखल उरला. भिजलेला कपडा, धान्य, औषधं विकता येत नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. घरं बुडालेल्या अनेकांची कागदपत्रंही गेली.

मग करायचं काय?

• हवामान खात्याच्या रेड किंवा ऑरेंज अलर्टसोबत भरतीची वेळही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त सावध राहा.
• माल आणि कागदपत्रं आधीच माळ्यावर हलवा. पाणी चढायला लागलं की वेळ मिळत नाही.
• पाणी आत यायच्या आधी मेन स्विच बंद करा.
• चिखल काढण्याआधी नुकसानीचे फोटो, व्हिडिओ घ्या. पंचनामा आणि विम्यासाठी ते लागतात.
• अडकलात तर ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर लावा.

गाळ काढल्याने थोडा दिलासा मिळतो, पण भरती थांबत नाही आणि बाजारही रातोरात हलत नाही. म्हणून वरच्या गावातल्यांनो, तुमच्याकडे पऱ्ये-वहाळ भरून वाहायला लागले, की खालच्या बाजारातल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करा. तेवढ्या वेळात त्याचं अर्धं दुकान वाचू शकतं.