यंत्राच्या पोटात (लेखांक ६) : माल तोच, डबा वेगळा

असेम्ब्लरचं काम गेल्या वेळी पाहिलं. त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला नॅसम या असेम्ब्लरमध्ये लिहिलेली ओळ आणि जीसीसी या कंपायलरनं काढून दिलेली ओळ इतकी वेगळी का दिसते?

ईएएक्स या रजिस्टरात ५ टाकायचे आहेत. इंटेलच्या, म्हणजे नॅसमच्या, पद्धतीत लिहायचं ‘मूव्ह ईएएक्स, ५’. आधी कुठे, मग काय. जीसीसी एरवी वापरतो त्या एटी अँड टीच्या पद्धतीत ‘मूव्हएल $५, %ईएएक्स’. आधी काय, मग कुठे. ही उलटी चाल बेल लॅब्जमधल्या पीडीपी-११ वरच्या युनिक्सची. इंटेलचा ८०८६ आला १९७८ साली, तोवर ती चांगली रुळली होती. दोन्ही ओळींचे बाइट मात्र तेच : बी८ ०५ ०० ०० ००. असेम्ब्लरच्या हातून गेल्यावर भांडण मिटलं.

तरी एक खोच आहे. वरच्या ओळीतलं $ गाळून पाहा. आता तिचा अर्थ ‘५ क्रमांकाच्या पत्त्यावर जे असेल ते आण’ असा होतो. असेम्ब्लर चकार शब्द काढत नाही. प्रोग्रॅम लिनक्सवर चालवला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’! नॅसममध्ये पत्त्यासाठी चौकोनी कंस घालावाच लागतो, म्हणून नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

असेम्ब्लर हे बाइट ज्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये भरून देतो, तिच्या साच्याचं भांडण मात्र इतक्या सहजी मिटत नाही. माढा तालुक्यातल्या जुन्या मंडळींना कुर्डुवाडीचं स्टेशन आठवत असेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे तिथून १८९७ साली सुरू झाली. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुंबई-सोलापूर मार्गाचं १६७६. ज्वारीचं पोतं तेच, पण डबा पुढे जाईना. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा.

ऑब्जेक्ट फाइलचंही तसंच. एकच मजकूर नॅसमला एकदा लिनक्ससाठी ‘ईएलएफ६४’ आणि एकदा विंडोजसाठी ‘विन६४’ सांगून द्या. पहिली फाइल ७एफ ४५ ४सी ४६ अशी सुरू होते, दुसरी ६४ ८६ अशी. आतल्या सूचना बहुतेक त्याच. बदलते ती त्यांच्याभोवतीची कागदपत्रं : कोणता विभाग कुठून सुरू, कोणतं नाव कुठल्या जागेचं, कुठला पत्ता लिंकरनं, म्हणजे फाइली जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं, नंतर भरायचा. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरपुढे ईएलएफ फाइल ठेवली, तर तो ती बिघडलेली समजून परत करतो.

‘ऑब्जकॉपी’ हे साधन फाइलचा साचा बदलून देतं, आणि खरी फसगत इथेच होते. लिनक्सवर फंक्शनला पहिला पूर्णांक आरडीआय रजिस्टरातून मिळतो, विंडोजवर आरसीएक्समधून. साचा बदलल्यावर जोडणी विनातक्रार होते, आणि विंडोजवर आलेलं लिनक्सचं फंक्शन आरडीआयमध्ये पडून राहिलेला भलताच आकडा घेऊन कामाला लागतं. रजिस्टरांची ही वाटणी कोणी ठरवली, ते पुढच्या आठवड्यात.