परिसर-शिक्षण आणि प्रतिसादी साधने

प्राथमिक शाळेत परिसराचे शिक्षण द्यावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जो निर्णय दिला, त्यात हा विषय शाळा-महाविद्यालयांत श्रेणीबद्ध रीतीने सक्तीचा करण्यास सांगितले होते. त्याच निर्णयात चित्रपटगृहांतून पर्यावरणविषयक स्लाइड दाखविण्याचा, तसेच आकाशवाणी व दूरदर्शन यांचा उपयोग करून घेण्याचाही आदेश आहे. ही सर्व साधने एकाच बाजूने बोलणारी होत. प्रेक्षकाने काही केले अथवा न केले, तरी स्लाइड पडद्यावर यावयाची आणि जावयाची.

पुण्याच्या बालभारतीची 'परिसर अभ्यास'ची पाठ्यपुस्तके पुढे आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या व्यवस्थेमुळे पुस्तकातील सांकेतिक चौकोनावरून चलत्चित्रही उघडू लागले. अशा साधनांना सरसकट प्रतिसादी म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. बोट लावल्याने केवळ पुढचे पान येत असेल, तर त्यास प्रतिसाद म्हणणे कठीण. मुलाच्या चुकीमुळे परिणाम बदलतो, आणि तो परिणाम कोणी आधी ठरवून ठेवलेला नसतो, तेथेच साधन खऱ्या अर्थाने उत्तर देते.

या दृष्टीने पुणे विद्यापीठाच्या परिसरातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतील कार्य लक्षणीय आहे. अरविंद गुप्ता यांनी तेथे २००३ पासून अकरा वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी घडविली. या कामाची मुळे १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आहेत. त्यांचा पंप पाहावा. छायाचित्रणाच्या फिल्मची डबी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सायकलची एक तार, एवढेच साहित्य. दट्ट्या वर ओढला की तळाची झडप उघडून पाणी आत येते. खाली दाबला की ती मिटते, दट्ट्यावरील झडप उघडते आणि पाणी वर जाते. झडप उलट्या बाजूस चिकटविली तर पाणी चढतच नाही. शिक्षकाने चूक दाखविण्याचे कारण पडत नाही. खडकवासल्याचे पाणी तोटी फिरविताच मिळते, अशी पुण्याच्या मुलाची समजूत असते. गच्चीवरील टाकीत ते कोणास तरी, कशाने तरी चढवावे लागते, हे या डबीने हाताला कळते.

(फिल्मची डबी आता दुर्मीळ झाली. या खेळण्यांत पुष्कळदा येणारी प्लॅस्टिकची नळीही १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. कचरादेखील कालपरत्वे बदलतो, आणि कृतिपुस्तिका त्यामागे धावत राहतात.)

येथे एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. कचऱ्याचे खेळणे झाले, तरी ते आठवड्याने पुन्हा कचराच होते. शिवाय 'सर्व काही वापरता येते' अशी सोयीची भावना मुलात रुजली, तर टाकण्याचा संकोच उलट कमी होईल. हा आक्षेप बराचसा खरा आहे. केवळ खेळणे करवून घेणाऱ्या वर्गाला तो लागू पडतो. तेव्हा जोडण्याइतकाच वेळ सोडविण्यासही द्यावा. फळांच्या रसाचे रिकामे खोके मुलांना फाडावयास दिले, तर त्यांना कागद, प्लॅस्टिक व अ‍ॅल्युमिनियम यांचे एकावर एक थर दिसतात. हे थर नखांनी सुटत नाहीत. घरोघर कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या (२००८) सभासदांना जी अडचण रोज येते, तिचा हा लहानसा अनुभव होय. मोठ्या वर्गात त्यासाठी दोन तासिका सहज जातात, आणि वेळापत्रकात त्या काढणे सोपे नाही.

परीक्षेत मात्र 'रसाचे खोके ओल्या कचऱ्यात टाकाल की सुक्या?' एवढाच प्रश्न येतो. 'सुक्या' या उत्तरास पूर्ण गुण मिळतात. ज्याने ते खोके फाडून पाहिले, त्याला तीन पदार्थांविषयी लिहावयाचे असते, आणि त्यासाठी उत्तरपत्रिकेत जागा नसते.